एका दिवसाचें माप

१५ एप्रिल २०२४ रोजीं कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानच्या संघानें मुंबई सिटी संघाचा २-१ असा पराभव केला आणि इंडियन सुपर लीगच्या साखळीची ढाल जिंकली. पुढें अवघ्या एकोणीस दिवसांनीं, ४ मे रोजीं, त्याच मैदानावर तेच दोन संघ पुनः समोरासमोर आले. या वेळीं मुंबईनें ३-१ असा विजय मिळविला व त्याच हंगामाचा चषक आपल्या नांवावर केला. एक वर्ष, एक खेळ, आणि श्रेष्ठ मात्र दोन! ढाल खोटी म्हणावी तर ती बावीस सामन्यांच्या हिशेबानें मिळाली होती. चषक खोटा म्हणावा तर तो हजारों प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जिंकलेला होता. मग त्या वर्षींचा उत्तम संघ कोणता, या साध्या प्रश्नाचें साधें उत्तर कां देतां येऊं नये?

खेळाच्या गोष्टीवर एवढा खल कशासाठीं, असें कांहीं वाचक विचारतील. चेंडू जाळ्यांत गेला काय आणि खांबावर आपटून परत आला काय, कोणाचा संसार त्यानें अडत नाहीं, हें खरें. परंतु मनुष्याची योग्यता एका दिवसावरून ठरवावी कीं दीर्घ काळाच्या जमाखर्चावरून, हा प्रश्न प्रत्येक घरांत रोज उभा असतो. मुलाची परीक्षा, मुलीसाठीं पाहिलेलें स्थळ, उमेदवाराची मुलाखत, आजाऱ्याच्या उशाशीं एखाद्या रात्रीं कोणीं दाखविलेला धीर किंवा केलेली टाळाटाळ, या सर्व ठिकाणीं आपण निवाडा करीत असतों, आणि तो कोणत्या मापानें करीत आहों याचा विचार बहुधा करीत नाहीं. खेळांत तीं दोन मापें उघड्यावर मांडलेलीं असतात, म्हणून तेथें तीं पारखून पाहणें सोपें जातें.

प्रथम त्या हंगामाची रचना पाहूं. बारा संघ, प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां आपल्या मैदानावर व एकदां परक्याच्या मैदानावर खेळावयाचें, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास बावीस सामने. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक, हरल्यास शून्य. या बेरजेंत जो सर्वांच्या वर, त्याला ढाल. नंतर वरच्या सहा संघांमध्यें बाद पद्धतीच्या फेऱ्या, आणि त्यांतून जो शेवटीं उरेल त्याला चषक. मोहन बागानचे ४८ गुण झाले, मुंबईचे ४७. शेवटच्या सामन्यापूर्वीं मुंबई ४७ वर होती व मोहन बागान ४५ वर. नुसती बरोबरी झाली असती तरी ढाल मुंबईची होती. आतां येथेंच एक गंमत आहे. साखळीचा अभिमान असा कीं तिच्यांत एका दिवसाला फाजील महत्त्व नसतें. आणि त्या वर्षीं सुमारें सात महिन्यांची सारी बेरीज अखेर एकाच संध्याकाळीं येऊन ठेपली. बाविसाव्या सामन्याचे गुण पहिल्या सामन्याइतकेच असतात, हें गणित खरें. पण ज्यानें तो सामना पाहिला त्याला तें पटविणें कठिण.

या दोन पद्धतींपैकीं वडील कोणती, हें पाहिलें असतां आश्चर्य वाटतें. साखळी न्यायाला अधिक धरून आहे, तेव्हां ती आधीं सुचली असावी असा तर्क होतो. पण घडलें उलट. इंग्लंडांत १८७१ सालीं बाद पद्धतीचा चषक सुरू झाला. चार्ल्स ऑल्कॉक या गृहस्थास हॅरो येथील शाळेंतल्या आपसांतील सामन्यांवरून ती कल्पना सुचली, पंधरा संघांनीं नांवें दिलीं, आणि १८७२ च्या मार्च महिन्यांत वाँडरर्स संघानें रॉयल एंजिनिअर्सना एका गोलानें हरवून पहिला चषक घेतला. साखळी यावयास १८८८ साल उजाडावें लागलें. आणि ती न्यायबुद्धींतून आली नाहीं. ती आली हिशेबाच्या वहींतून. १८८५ मध्यें पगारी खेळाडूंस मान्यता मिळाली होती. पगार नियमानें द्यावा लागे, पण चषकांतून बाद झालेल्या संघाला पुढें निश्चित असा सामनाच नसे. मैत्रीचे म्हणून ठरविलेले सामने ऐन वेळीं रद्द होत. तेव्हां बर्मिंगहॅम येथें कापडाचें दुकान चालविणारे व ॲस्टन व्हिला संघाच्या कारभारांत असलेले विल्यम मॅग्रेगर यांनीं सूचना मांडली कीं, निवडक संघांनीं वर्षभराचे सामने आधींच ठरवून टाकावे. त्याप्रमाणें बारा संघ जमले व प्रत्येकाच्या वांट्यास बावीस सामने आले. आपल्या २०२३-२४ च्या हंगामाचा आंकडा नेमका तोच आहे. नियमितपणाचा सद्गुण असा उपजीविकेच्या गरजेंतून जन्मास यावा, यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. पुष्कळ सद्गुणांची जन्मपत्रिका अशीच निघेल.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. जी साखळी अनिश्चिततेला कंटाळून जन्मास आली, तिच्याच चालकांनीं १९६० सालीं स्वतःचा एक निराळा बाद पद्धतीचा चषक सुरू केला; आणि तो प्रथम जिंकला मॅग्रेगर यांच्याच ॲस्टन व्हिला संघानें! याही चषकाच्या मुळाशीं तिकिटांचें उत्पन्न होतेंच. तरी प्रेक्षक तिकीट कशाचें घेतो, हा प्रश्न उरतो. तो बेरीज पाहावयास येत नाहीं. जें एकदां घडलें कीं फिरवितां येत नाहीं, तें घडत असतांना पाहावें म्हणून तो येतो.

साखळीच्या बाजूचा युक्तिवाद बळकट आहे, हें मात्र प्रथम मान्य केलें पाहिजे. एका सामन्यांत वारा, चिखल, पंचांची नजर, एखाद्या खेळाडूचा आदल्या रात्रींचा ताप, यांचा वांटा मोठा असतो. फुटबॉल तर यासाठीं विशेष प्रसिद्ध. क्रिकेटांत शेंकडों चेंडू पडतात व चुकीची भरपाई करण्यास अवसर मिळतो. येथें दीड तासांत एक-दोन गोल होतात, आणि इतक्या थोड्या घटनांवर लागणारा निकाल दैवाच्या फुंकरीनेंही वांकतो. सामने वाढले कीं एका दिवसाचें दैव दुसऱ्या दिवसाच्या दैवानें कापलें जातें व बहुतांशीं गुणच शिल्लक राहतो. १८८८-८९ च्या पहिल्याच हंगामांत प्रेस्टनचा संघ साखळींत एकदांही हरला नाहीं, आणि त्याच वर्षीं त्यानें चषकही आपल्यावर एकही गोल होऊं न देतां जिंकला. असें झालें म्हणजे वाद मिटतो. परंतु असें क्वचितच होतें. इंडियन सुपर लीगमध्यें ढाल २०१९-२० पासून दिली जाऊं लागली; तेव्हांपासूनच्या पहिल्या सहा हंगामांत ढाल व चषक एकाच हातीं गेल्याचे प्रसंग दोनच: २०२०-२१ मध्यें मुंबई सिटी आणि २०२४-२५ मध्यें मोहन बागान. उरलेल्या चारही वर्षीं दोन मापांनीं दोन निरनिराळे निवाडे दिले. २०२२-२३ मध्यें तर मुंबईनें लागोपाठ अठरा सामने न हरतां ४६ गुणांनीं ढाल मिळविली, आणि चषकाच्या उपांत्य फेरींत बंगळूरच्या संघाशीं बरोबरी होऊन पेनल्टीच्या फटक्यांवर ८-९ अशी हार खाल्ली. त्या वर्षीं खरी श्रेष्ठता ढालीचीच असें हिरीरीनें सांगणारे कांहीं लोक आम्हांस ठाऊक आहेत. पुढच्याच वर्षीं त्यांस चषकाचें तत्त्वज्ञान सुचलें. आपण माप आधीं निवडून मग वस्तु तोलतों, असें आपणांस वाटत असतें; प्रत्यक्षांत जी वस्तु आवडते तिला जड दाखविणारें माप आपण उचलतों.

बारामती-इंदापूर रस्त्यावरील लासुर्ण्यासारख्या गांवांत फुटबॉलचा वाद ऐकूं यावा याचें कोणास नवल वाटेल. या पट्ट्यांत बोलबाला कुस्तीचा. परंतु आतांच्या मुलांना मैदान जवळ असावें लागत नाहीं. मोबाइलच्या हातभर उजेडांत तीं कोलकात्याचा सामना पाहतात. त्या मे महिन्यांत एका ओट्यावर झालेलें संभाषण आमच्या कानांवर आलें. नातू मुंबईचा कट्टर पक्षपाती. आजोबा तरुणपणीं तालमींत घुमलेले.

"आबा, ढाल गेली तर गेली, चषक आपलाच," नातू म्हणाला.

"मग पहिला कोण?"

"चषक ज्याचा तो."

"आणि ते बावीस सामने?"

"ते आधीचे झाले की."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फडावर पंच विचारत नाहीत, तू वर्षभर किती जोर मारलेस. पाठ लागली की लागली. पण आमचे वस्ताद विचारायचे. रोज विचारायचे."

या प्रश्नावर आम्हीं पुष्कळ विद्वत्तापूर्ण चर्चा ऐकल्या आहेत, पण आबांच्या त्या दोन वाक्यांइतका उपयोग त्यांचा झाला नाहीं. पंच आणि वस्ताद हे दोन निराळे अधिकारी आहेत. वस्ताद साखळी ठेवतो: कोण पहांटे वेळेवर आला, कोणाची बैठक शंभरावर ढिली पडली, कोण चार दिवस गैरहजर होता. पंच यांतलें कांहींच जाणत नाहीं व त्यानें जाणूंही नये. लाल मातींत दोन देह उभे राहिले कीं त्यांचा पूर्वेतिहास त्याच्या लेखीं पुसला गेला पाहिजे. नाहीं तर नांवाजलेल्या मल्लाची पाठ लागलेली त्याला दिसणारच नाहीं. वस्तादानें विसरणें हा जसा दोष, तसाच पंचानें आठवण ठेवणें हाही दोष.

आमच्या मतें दोन पद्धतींतला खरा भेद हाच आहे. गुण व दैव यांचा तो भेद नाहीं. स्मृति व विस्मृति यांचा आहे. साखळीला सर्व आठवतें. पहिल्या आठवड्यांत गमावलेले दोन गुण ती शेवटच्या आठवड्यांत सव्याज दाखविते. चषकाला कांहींच आठवत नाहीं. सहाव्या क्रमांकावरून आलेला संघ पहिल्या क्रमांकाच्या संघासमोर शून्य-शून्य असाच उभा राहतो. न्यायाला स्मृति लागते यांत संशय नाहीं. परंतु नुसती स्मृति असलेला न्याय किती निष्ठुर होतो, हें सावकाराच्या वहीनें आपल्या शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें आहे. साखळींत जो मागें पडला तो मागेंच राहतो, आणि वर्ष अर्धें सरलें नाहीं तों त्याचे उरलेले सामने केवळ उपचार होऊन बसतात. शिवाय दीर्घ हंगाम टिकविण्यास पैसा लागतो; एक खेळाडू जखमी झाला तर तितकाच चांगला दुसरा बांकावर बसलेला असावा लागतो. म्हणून लांबलचक बेरीज ही निव्वळ गुणाची बेरीज असते, हेंही पूर्ण खरें नव्हे. तिच्यांत तिजोरीही मोजली जाते. दुबळ्याला श्रीमंताच्या बरोबरीनें उभें राहण्याची संधि मिळते ती बहुधा एका दिवसापुरतीच.

याचें मोठें उदाहरण आपल्याच देशांत घडलेलें आहे. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास शील्डच्या अंतिम सामन्यांत मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या संघाचा २-१ असा पराभव केला. अकरांपैकीं दहा जण अनवाणी खेळत होते. ती स्पर्धा बाद पद्धतीची होती. त्या वेळीं कलकत्त्याच्या साखळीच्या पहिल्या वर्गांत मोहन बागानला प्रवेशही नव्हता. तो १९१५ सालीं मिळाला. आणि ती साखळी एखाद्या हिंदी संघानें जिंकावयास १९३४ साल उजाडलें. त्या वर्षीं महामेडन स्पोर्टिंगनें ती जिंकली व पुढें १९३८ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें राखली. मुंबईकडेही असाच क्रम दिसतो. रोव्हर्स चषक १८९१ सालीं सुरू झाला तो पलटणींच्या संघांचा म्हणूनच. १९२३ मध्यें मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोंचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक प्रथम हिंदी हातीं आणला. आतां कोणी काटेकोर न्यायी १९११ साठीं असें म्हणूं शकेल कीं तो एका दिवसाचा योगायोग होता. बावीस सामने खेळविले असते तर पलटणच वर राहिली असती. कदाचित् राहिलीही असती. पण म्हणून त्या दिवसानें जें दाखविलें तें खोटें ठरत नाहीं. तेवीस वर्षांनीं साखळीनें जें सिद्ध केलें, तें शक्य आहे एवढेंच त्या एका दिवसानें सांगितलें होतें. आणि तें सांगितल्यावांचून तेवीस वर्षें प्रयत्न करण्याचा हुरूप कोठून आला असता? बेरीज झालेल्या गोष्टींची होते. जी अद्याप झालीच नाहीं तिची बेरीज कोणती साखळी करणार?

चषकाच्या पद्धतींत मात्र एक गोष्ट आम्हांस पसंत नाहीं, ती म्हणजे तिला बरोबरी सहन होत नाहीं. पूर्वीं ती होत असे. १९६० च्या ड्युरँड चषकाचे मोहन बागान व ईस्ट बंगाल हे दोघेही संयुक्त विजेते ठरले, आणि १९७८ च्या फेडरेशन चषकाचेंही तसेंच झालें. गांवच्या जत्रेंतही दोन तुल्यबळ मल्लांची कुस्ती फार वेळ चालली कीं पंच ती बरोबरींत सोडवितात, दोघांचे हात वर करतात, आणि लोक दोघांनाही फेटे बांधतात. आतांच्या चषकास हें परवडत नाहीं. तास-दोन तास खेळून जो भेद सांपडला नाहीं, तो पेनल्टीच्या फटक्यांनीं ओढून काढावयाचा! २०२३ मध्यें नऊ विरुद्ध आठ असा जो भेद निघाला, तो भेद दोन संघांत होता कीं एका पायाच्या एका चुकींत, हें ज्याचें त्यानें ठरवावें. एका दिवसाचा निवाडा मान्य करणें वेगळें, आणि त्या दिवशीं निवाडा झालाच नसतां तो बनविणें वेगळें.

आतां घराकडे वळूं. खेळांत एका दिवसाचें माप आम्हीं योग्य मानलें, म्हणून तें सर्वत्र योग्य असें ठरत नाहीं. खेळाडू त्या मापाला संमति देऊन मैदानांत उतरलेला असतो. दोन्ही बाजूंस तें सारखेंच लागू असतें. आणि हरला तरी पुढच्या वर्षीं तो शून्यापासून पुनः आरंभ करतो. या तीन गोष्टी नसतील तेथें चषक लावणें हा जुलूम होय. सोळा वर्षांच्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशीं ताप आला, आणि दहा वर्षांचा त्याचा अभ्यास त्या तीन तासांनीं रद्द झाला, याला आपण निवाडा म्हणतों. त्याला पुढचा हंगाम आहे असें सांगणारा शेजारी मात्र क्वचित् भेटतो. सुनेच्या हातून पहिल्या सणाला एक पदार्थ बिघडतो आणि ती गोष्ट वीस वर्षें सांगितली जाते. हें तर दोन्ही पद्धतींतलें वाईट तेवढें उचलणें झालें: निवाडा चषकाप्रमाणें एका दिवसांत करावयाचा, आणि स्मृति साखळीप्रमाणें कायमची ठेवावयाची. आमच्या समाजांत मनुष्यावर होणाऱ्या अन्यायांपैकीं बराच भाग या मिश्रणांतून होत असावा असा आमचा समज आहे.

उलट चूकही होते. ज्या मनुष्याचा बावीस सामन्यांचा हिशेब वाईट आहे, त्यानें तेविसाव्या दिवशीं कांहीं चांगलें केलें तर आपण म्हणतों, "हें कांहीं त्याचें खरें रूप नव्हे." कां नव्हे? व्यसनी बापानें एक रात्र मुलाच्या अंथरुणाशीं जागून काढली, तर ती रात्र त्याच्या आयुष्याच्या सरासरींत मिळवून टाकल्यास तिचें मोल शून्यावर येईल. पण त्या मुलाला ती रात्र सरासरींत मिळालेली नाहीं. ती त्याला पूर्ण मिळाली. येथें पंच होऊन त्या रात्रीचा निकाल त्या रात्रीवरच देण्याइतकें मन मोठें पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं वस्ताद होऊन हजेरीही घेतली पाहिजे. दोन्ही कामें एकाच माणसानें करणें कठिण आहे खरें. घरांत दुसरा कोणी नेमतां येत नाहीं.

कोणतेंच माप न लावतां धांवण्याची एक रीत या भागांत आहे, तिचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. आषाढीच्या वारींत तुकोबांची पालखी सणसरहून पुढें निघाली कीं बेलवाडीस गोल रिंगण होतें, आणि मग ती लासुर्ण्यावरून पुढें जाते. रिंगणांत पताका घेतलेले धांवतात, तुळशी घेतलेल्या बाया धांवतात, विणेकरी धांवतात, शेवटीं अश्व धांवतात. पहिला कोण आला, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. ही रीत सर्वत्र चालवावी असें आम्ही म्हणत नाहीं. आडसाली ऊंस सोळा-अठरा महिने वाढवून काट्यावर नेणाऱ्या शेतकऱ्याला कोणी "वजन कशाला, धांवलास हेंच पुरे" असें सांगूं लागला, तर तो शेतकरी काय म्हणेल हें सांगणें नको. मापें लागतात. फक्त प्रत्येक धांवण्याला तीं लागतातच असें नाहीं, एवढें रिंगण पाहून ध्यानांत येतें.

राहतां राहिला त्या दोन संघांचा वृत्तांत. २०२४-२५ च्या हंगामांत मोहन बागाननें ५६ गुण मिळवून ढाल राखली आणि चषकही जिंकला. मुंबई त्या वर्षीं साखळींत सहावी आली. सहावी आली तरी चषकाच्या फेरींत तिला पुनः शून्य-शून्य असा आरंभ करण्याची एक संध्याकाळ मिळाली. तो सामना बंगळूरनें ५-० असा जिंकला.